वर्डकॅम्प आपल्या शहरात: शहर कसं ठरतं, पात्रता काय, कागदपत्रं कोणती

सांगली, लातूर, रत्नागिरीकडची वेबसाइटची कामं करणारी मंडळी भेटली की एक तक्रार हमखास कानावर येते. "वर्डकॅम्प सारखे पुण्या-मुंबईतच का? आमच्याकडे कधी देणार?" वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांचा शहरापुरता मेळावा, आणि मुळात तो देणारं कोणी नसतंच. एखाद्या बँकेनं नवी शाखा उघडावी तसं वरून कोणी नकाशा बघून शहर निवडत नाही. शहरातल्या माणसांनी एकत्र यायचं, काही महिने काम करून दाखवायचं आणि मग अर्ज करायचा. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इथे कॅम्प झाले ते तिथल्या लोकांनी मागितले म्हणून.

थोडी पार्श्वभूमी. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर २००३ साली आलं. पहिला वर्डकॅम्प २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरला. २०१० मध्ये वर्डप्रेस फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि 'वर्डप्रेस' व 'वर्डकॅम्प' ही नावं तिच्याकडे आली. या मेळाव्यांचा कारभार २०१६ पासून फाउंडेशनचीच उपसंस्था, वर्डप्रेस कम्युनिटी सपोर्ट, बघते. म्हणून परवानगीशिवाय हॉल घेऊन बाहेर 'वर्डकॅम्प' असा फलक लावता येत नाही. मेळावा खुशाल घ्या, पण तो दुसऱ्या नावानं.

आधी मीटअप, मग कॅम्प

सगळ्यात मोठी अट हीच, आणि नव्या लोकांचं घोडं इथेच अडतं. शहरात वर्डप्रेसचा मीटअप गट हवा आणि तो जिवंत हवा. शक्यतो दर महिन्याला भेट, दर वेळी तेच चार चेहरे नाहीत, बोलणारेही बदलते. हा गट अधिकृत कार्यक्रमात नोंदवला की, भेटी जाहीर करायच्या मीटअप या संकेतस्थळाची वर्गणी तुमच्या खिशातून जात नाही, ती मध्यवर्ती निधीतून भरली जाते. त्यामुळे तुमच्या गावात गट नसेल तर कॅम्पचा अर्ज उघडूच नका. आधी मीटअपचा अर्ज भरा.

यामागचं कारण व्यवहारी आहे. दोनशे-तीनशे लोकांच्या कार्यक्रमाला नोंदणीचं टेबल, मंच, जेवण, ध्वनी, छायाचित्रं, प्रायोजकांचे स्टॉल अशा प्रत्येक कामाला माणूस लागतो, आणि त्याला मानधन मिळत नाही. ज्या शहरात महिन्याला वीस जण एका खोलीत जमत नाहीत, तिथे ही माणसं आयत्या वेळी कुठून उभी करणार? तुमच्याकडचं सभागृह किती मोठं आहे हे विचारण्याआधी तुम्ही किती महिने भेटताय हे विचारतात ते म्हणूनच. मला हा निकष रास्त वाटतो. लहान शहरांना त्याचा जाच होतो असं अनेकांचं म्हणणं आहे, पण अनुभव उलटा आहे: तालुक्याच्या गावात नियमित भेटणारा गट असेल तर अर्जात त्याचं वजन पडतं, आणि महानगरातला नुसता कागदावरचा गट तपासणीत उघडा पडतो.

अर्जदार कोण असावा

मुख्य आयोजक त्याच शहरातला किंवा लगतचा आणि स्थानिक गटात वावरणारा हवा. पुण्यात बसून सोलापूरचा कॅम्प चालवायचा बेत सहसा जमत नाही. एकट्याचा अर्जही कच्चा समजला जातो. सोबत सहआयोजक हवेत, आणि ते सगळे एकाच कंपनीच्या पगारपत्रकावरचे नसलेले बरे, कारण हा मेळावा कुठल्या एका कंपनीची जाहिरात होऊ नये यावर कटाक्ष असतो. लागोपाठ दोन वर्षं मुख्य आयोजक राहिलात की तिसऱ्या वर्षी सूत्रं दुसऱ्याकडे द्यावी लागतात. नवे आयोजक त्यातूनच तयार होतात.

यापुढची तपासणी बऱ्याच जणांना माहीत नसते. अर्जदाराचा वर्डप्रेसशी संबंधित व्यवसाय पाहिला जातो. तुम्ही थीम (वेबसाइटचं तयार रूप) किंवा प्लगइन (वेबसाइटला जोडायची जादा सोय) विकत असाल तर ते वर्डप्रेसच्याच मुक्त परवान्याखाली, म्हणजे जीपीएलखाली हवेत. तुमच्या कंपनीच्या डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यात, 'वर्डप्रेस' हा पूर्ण शब्द असेल तर तो नामचिन्हाचा भंग ठरतो आणि अर्ज तिथेच थांबतो. नावात 'डब्ल्यूपी' चालतं. वर्डप्रेसची कामं घेणाऱ्या छोट्या एजन्सीनं उत्साहात असं डोमेन घेतलेलं असणं सहज शक्य आहे. अर्जाच्या आधी आपलं आणि सहआयोजकांचं, दोन्हीकडचं एकदा तपासा.

अर्ज भरल्यावर काय होतं

अर्ज वर्डकॅम्प सेंट्रल या संकेतस्थळावर, इंग्रजीत आणि विनाशुल्क असतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं तुमचं आणि सहआयोजकांचं वापरकर्तानाव, मीटअपचा दुवा, समूहाचं वर्णन, याआधी कुठल्या कॅम्पला गेला होतात, साधारण तारखा, किती लोक अपेक्षित आहेत, जागा कुठली डोळ्यासमोर आहे, असे प्रश्न असतात. समूहाचं वर्णन करताना "आमचं शहर आयटी हब होत आहे" छापाची वाक्यं नकोत. गेल्या काही भेटींत कोण बोललं, कशावर बोललं, किती जण आले, हे साधेपणानं लिहा. वाचणारे बहुधा स्वतःच कधीकाळी आयोजक राहिलेले स्वयंसेवक असतात, त्यांना पोकळ मजकूर लगेच ओळखता येतो.

पुढचे टप्पे ठरलेले आहेत. आधी छाननी. मग व्हिडिओ कॉलवर ओळखबैठक. तिला मुलाखत म्हणून घाबरू नका, पण मुख्य नियम वाचून बसा. ती पार पडली की प्राथमिक नियोजनाला मंजुरी मिळते, करारावर सह्या होतात, शहराच्या नावाचं संकेतस्थळ मिळतं आणि सल्ला द्यायला एक अनुभवी मार्गदर्शक जोडला जातो. त्यानंतर अंदाजपत्रकाची तपासणी आणि जागेचा करार. हे दोन्ही झाल्यावरच कॅम्प अधिकृत वेळापत्रकावर चढतो. त्याआधी तारीख फेसबुकवर टाकायची नाही. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे हे सेंट्रलवर सगळ्यांना दिसतं, तेव्हा "आमचं काय झालं?" म्हणून रोज मेल धाडायची गरज नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. हाताशी निदान सहा महिने ठेवा. लग्नसराईत हॉल मिळत नाहीत, पावसाळ्यात बाहेरगावचे लोक येत नाहीत आणि कॉलेजचं सभागृह परीक्षेच्या काळात बंद. आपल्याकडे सोयीचे महिने मोजकेच उरतात.

कागदपत्रं

अर्जाला आधार, पॅन, शंभराचा स्टॅम्पपेपर असलं काही जोडावं लागत नाही. कागद लागतात ते पुढच्या टप्प्यावर, आणि त्यांत सगळ्यात महत्त्वाचं जागेचं कोटेशन. सभागृहवाला फोनवर "होऊन जाईल साहेब, एवढ्या एवढ्यात" म्हणतो ते कोटेशन नव्हे. लेटरहेडवर हवं, आणि प्रत्येक बाब सुटी हवी: हॉलचं भाडं, वीज, जनरेटर, ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, साफसफाई, पार्किंग, अनामत, आणि जीएसटी धरून की वेगळा. बाहेरचा केटरर चालतो का, तेही लिहून घ्या. आमच्याच स्वयंपाकघरातून जेवण घ्या अशी अट घालणारे हॉल पुष्कळ आहेत, आणि मग भाड्यात वाचलेले पैसे ताटात जातात. रद्द केल्यास अनामतीचं काय होणार, हे कलम तर दोनदा वाचा. करार सहीच्या आधी तपासणीला पाठवायचा असतो. परस्पर सही करून मोकळे झालात तर ती जबाबदारी तुमची.

जागा पाहताना व्हीलचेअरचा रस्ता, वर जायला लिफ्ट आणि पुरेशी स्वच्छतागृहं आहेत का ते बघा. याबद्दल नक्की विचारलं जातं. लिफ्ट आहे असं कोटेशनात असतं, पण ती रविवारी चालू असते का, हे वॉचमनलाच विचारायला हवं.

याखेरीज आचारसंहितेला संमती, आयोजकांचा करार आणि ठरलेल्या नमुन्यातलं अंदाजपत्रक. वक्त्यांना मानधन नाही, आयोजकांना नाही, तिकीट सामान्य माणसाला परवडेल एवढंच. उरलेली रक्कम आयोजकांत वाटून घेता येत नाही.

पैशाचा भाग

इथे भारतातली गाठ जरा वेगळी आहे. स्थानिक प्रायोजकाला बिल लागतं, बिल म्हटलं की जीएसटी आला. परदेशातून देणगी म्हणून पैसे घ्यायचे तर विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० खाली नोंदणी लागते. सेवेपोटी बिल देऊन घेतलेलं शुल्क हा निराळा व्यवहार. दोन्हींतली रेघ आपल्या मनानं ओढू नका. एका मित्राच्या बचत खात्यावर प्रायोजकांचे पैसे गोळा करायचे, ही सगळ्यात सोपी वाटणारी वाट सगळ्यात महागात पडते. अंदाजपत्रक पाठवण्याआधी सीएकडे तासभर बसा आणि पैसे कोणाच्या खात्यावर, कुठल्या नावानं येणार हे मार्गदर्शकाला लेखी कळवा.

नाव शहराचंच का

'वर्डकॅम्प महाराष्ट्र' असा अर्ज करावासा वाटेल. करू नका. नाव शहराचं असावं हा मूळ नियम. राज्याच्या किंवा देशाच्या नावाचा कॅम्प हवा तर त्या प्रदेशातल्या अनेक शहरांत कॅम्प आधीपासून भरत असले पाहिजेत आणि मोठ्या कार्यक्रमापायी ते बंद पडता कामा नयेत. टेड या भाषणांच्या परिषदेच्या परवान्यानं गावोगावी होणाऱ्या टेडएक्स कार्यक्रमांतही नाव जागेवरूनच असतं, अख्ख्या देशाचं नाव घेता येत नाही. तिथे परवाना फुकट असतो, पण टेडच्या परिषदेला हजेरी न लावलेल्या आयोजकाला शंभर प्रेक्षकांची मर्यादा पडते.

खंडपातळीच्या कॅम्पांची तऱ्हा वेगळी. वर्डकॅम्प एशिया २०२० मध्ये बँकॉकला ठरला होता, कोरोनामुळे ऐन वेळी रद्द झाला आणि शेवटी २०२३ मध्ये तिथेच भरला. पुढे २०२४ ला तैपेई, २०२५ ला मनिला, आणि २०२६ साठी मुंबई. या पातळीवर शहरांकडून प्रस्ताव येतात आणि मग विमानतळ, हजारोंना पुरेल असं केंद्र, आसपासची हॉटेलं, व्हिसा हे सगळं तोललं जातं. भारतात परदेशी पाहुण्यांसाठी कॉन्फरन्स व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याला आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतं. म्हणजे कागदांचं एक नवं दप्तर. तरीही माणसांचं पारडं तिथेही जड असतं. विकिपीडियावाल्यांची जागतिक परिषद, विकिमेनिया, २०१६ मध्ये इटलीतल्या एसिनो लारिओ या हजाराच्या आत वस्ती असलेल्या डोंगरातल्या गावात भरली होती. तिथे ना विमानतळ, ना कन्व्हेन्शन सेंटर. चिकाटीनं प्रस्ताव मांडणारी स्थानिक मंडळी तेवढी होती.

नकार आला तर

नकाराचं कारण कळवलं जातं. बहुतेक वेळा ते "गट अजून कोवळा आहे" या अर्थाचं असतं, आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी काही महिने मीटअप घेणं. डोमेन किंवा परवान्याची अडचण असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. मधल्या काळात शेजारच्या शहरातल्या कॅम्पमध्ये स्वयंसेवक म्हणून राबा. नोंदणीच्या टेबलावर सकाळी आठला पाचशे बॅज अक्षरानुक्रमे लावताना जे कळतं ते कुठल्याही मार्गदर्शिकेत नाही, आणि पुढच्या अर्जातल्या अनुभवाच्या रकान्यात खरं काहीतरी लिहायला मिळतं.