क्रिएटिनिन वाढलं म्हणून वरण बंद?

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसलं की आपल्याकडे पहिली गदा येते ती डाळीवर. वरण बंद, उसळ बंद, अंडं तर नकोच. शाकाहारी पेशंटला हे फार महागात पडतं.

प्रथिनं बेतानं खावीत, हे खरंच आहे. त्यांच्यातल्या नायट्रोजनचा शेवटी युरिया होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. शिवाय प्रथिनं जास्त झाली की किडनीतल्या शाबूत उरलेल्या गाळण्यांवरचा दाबही वाढतो. म्हणूनच आजार मध्यम टप्प्यापासून पुढे गेलेल्या, पण डायलिसिस न लागलेल्या प्रौढांसाठी ‘केडिगो’ या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम.

आता ताटातलं मोजू. दिवसभरात चार पोळ्यांतून सुमारे १२ ग्रॅम, भातातून ६, दोन वाट्या वरणातून १३, कपभर दुधातून ६ आणि वाटीभर दह्यातून ३. बेरीज ४०. मर्यादा ओलांडलेलीच नाही! यातून वरण काढलं की उरतात २७.

मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. त्यातूनही युरिया तयार होतोच. भूक मेल्यामुळे पोळी-भातही कमी झाला, तर ही झीज आणखी वेगाने होते. आणि इथेच मोठी फसगत असते. क्रिएटिनिन तयार होतं ते स्नायूंमध्ये. स्नायू झिजले की रिपोर्टमधला आकडा उतरतो आणि पथ्य लागू पडलं म्हणून घरचे खूश होतात. किडनी मात्र आहे तिथेच असते. म्हणून क्रिएटिनिनबरोबर वजन, हातापायांची ताकद आणि दंडाची जाडीही बघत जा.

प्रथिनं कशातून येतात, यानेही फरक पडतो, कारण त्यांच्याबरोबर फॉस्फरसही येतो आणि किडनी कमी पडली की तो रक्तात साठतो. डाळी-धान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेला असतो आणि तो आपल्या आतड्याला पुरता सोडवता येत नाही. २०११मध्ये अमेरिकेतल्या इंडियानामधल्या संशोधकांनी किडनीच्या ९ रुग्णांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिलं. दोन्हींत फॉस्फरस सारखाच होता, तरी शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी भरला. प्रयोग लहान आहे, पण डाळीला गुन्हेगार ठरवणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. खरी काळजी घ्यायची ती प्रोसेस्ड चीज, कोला आणि फॉस्फेट घातलेल्या पाकिटबंद मांसाची, कारण त्यातला फॉस्फरस जवळजवळ सगळा शोषला जातो. सुकट-बोंबलात मिठाचाही मारा असतो. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळ भिजवून, भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून द्यावं.

डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटतो. हिमोडायलिसिसच्या (यंत्रातून रक्त गाळण्याच्या) प्रत्येक वेळेला साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात, त्यामुळे गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते. अंडं चालत असेल तर इथे पांढरा भाग फार कामाचा: दोन अंड्यांच्या पांढऱ्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नावापुरता, तो जवळपास सगळा बलकात असतो. तरीही कित्येक घरांत डायलिसिसवरच्या माणसाला आधीचंच पथ्याचं जेवण वाढलं जातं. फ्रिजवर चिकटवलेला तो जुना आहारतक्ता काढा आणि पुढच्या डायलिसिसला जाल तेव्हा आहारतज्ज्ञांकडून नवा लिहून घ्या.