अहिल्यादेवींचं नाणं हवंय? चांदीची स्मारक नाणी टांकसाळीतून कशी मागवायची

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये ३०० रुपयांचं स्मारक नाणं प्रकाशित झालं. महाराणा प्रतापांच्या ४७५व्या जयंतीला, २०१५ साली, १०० रुपयांचं आलं होतं. अशी नाणी चलनात फिरत नाहीत. केंद्र सरकारच्या सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनच्या टांकसाळींकडे नोंदणी करून ती घेता येतात.

आधी राजपत्र बघा. नाणं काढण्याचा अधिकार २०११च्या नाणे कायद्याने फक्त केंद्र सरकारला आहे, आणि प्रत्येक स्मारक नाण्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात येते. दर्शनी मूल्य, वजन, व्यास, धातूचं प्रमाण, दोन्ही बाजूंचं चित्र, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सराफाकडची शिवमुद्रा किंवा होनाची चांदीची प्रतिकृती कितीही सुबक असली तरी ते पदक आहे, नाणं नव्हे. हा फरक नव्या संग्राहकाने पहिल्या दिवशीच समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

धातूचं प्रमाणही तिथेच तपासा. महाराणा प्रतापांचं १०० रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं आहे, पण त्यात चांदी ५० टक्के. उरलेलं ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्तच्या १००० रुपयांच्या नाण्यात मात्र ती ८० टक्के होती. 'चांदीचं नाणं' एवढ्या शब्दांवर किंमत ठरवू नका.

पात्रतेची वेगळी अट नाही. मुलासाठी घ्यायचं असेल तर नोंदणी पालकांच्या नावाने करा. महामंडळाच्या अधिकृत विक्री संकेतस्थळावर नाव, मोबाइल, ईमेल आणि पिनकोडसह पूर्ण पत्ता देऊन खातं उघडायचं, नाणं निवडायचं, पैसे ऑनलाइन भरायचे. नोंदणीची मुदत आणि माणशी किती नग, हे त्या-त्या घोषणेत पाहावं. एकाच व्यवहारात दोन लाखांवर खरेदी गेली तर पॅन लागतो. विक्रीची किंमत दर्शनी मूल्यापेक्षा बरीच जास्त असते, वर जीएसटी. नाणं हाती यायला काही महिनेही लागू शकतात, तेव्हा पत्ता बदलणार असेल तर आधीच विचार करा.

'प्रूफ' आणि 'अनसर्क्युलेटेड' (म्हणजे साधं, चलनात न फिरलेलं) असे दोन प्रकार दिसतील. प्रूफची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत असते आणि ते महाग असतं. एकच घेणं परवडत असेल तर मी प्रूफ घेईन. राजाचा चेहरा, पगडीची वळणं त्यातच नीट उठून दिसतात. मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्यावर सालाखाली 'एम' हे अक्षर असतं, साध्या नाण्यावर पत्त्यातल्या चौकटसारखी खूण. हैदराबादची खूण तारा, नोएडाची ठिपका, तर कोलकात्याची काहीच खूण नसते.

पार्सल आलं की बिल, मूळ डबी आणि माहितीपत्रक एकत्र ठेवा. पुढे नाणं विकायचं झालं तर हेच मागतात. पुरातत्त्व खात्याकडे नोंद करायची गरज नाही, पुरावशेषांचा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या नाण्यांना लागू होतो. नाणं वितळवणं मात्र गुन्हा आहे. बोटं लावायची नाहीत, पॉलिशही करायचं नाही.