आक्रमक वनस्पतींचे हंगामी सर्वेक्षण (चांदोली–कोयना परिसर)

माणसाच्या हातून दूरच्या प्रदेशातून आलेल्या, पुढे आपणहून पसरणाऱ्या आणि मूळच्या झाडोऱ्याची जागा घेणाऱ्या वनस्पतींची ठरावीक ऋतूत, ठरावीक जागी जाऊन केलेली पद्धतशीर नोंद. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला या कामाचे मुख्य क्षेत्र म्हणजे चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य. चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र ३१७.६७ चौ. किमी. असून ते सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत विभागले आहे. २०१० मध्ये चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये कास पठार व राधानगरीसह या दोन्ही क्षेत्रांचा पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.

येथील दाट सदाहरित रानाच्या सावलीत घाणेरी (लँटाना) किंवा रानमोडी ही परकी तणे सहसा तग धरत नाहीत. उजेड जिथे जमिनीपर्यंत पोचतो तिथून त्यांचा शिरकाव होतो. अशा जागा म्हणजे जुनी गावठाणे, सोडलेली भातखाचरे, कुमरीच्या (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेतांचे उतार, रस्त्यांच्या कडा, जळीत रेषा (वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे) आणि वसंतसागर व शिवसागर या जलाशयांचे उघडे पडणारे काठ. त्यामुळे तणांचा नकाशा पुष्कळदा वस्तीच्या जुन्या नकाशावर बसतो. गावांच्या पुनर्वसनानंतर ओस पडलेल्या खाचरांत गवत वाढते व त्यावर गवा आणि सांबर चरतात. हीच कुरणे तणांनी भरली तर चारा तुटतो, म्हणून व्याघ्र प्रकल्पाच्या दृष्टीने सर्वेक्षणाचा पहिला मान त्यांना द्यायला हवा. जांभ्या दगडाच्या सड्यांचा (उघड्या, सपाट पठारांचा) प्रश्न वेगळा आहे. तिथे मातीचा थर इतका पातळ असतो की मोठी झुडपे रुजत नाहीत. तेथील लहान, अल्पायुषी आणि पुष्कळदा प्रदेशनिष्ठ (त्याच भागापुरत्या मर्यादित) वनस्पतींना धोका संभवतो तो वाहनांच्या चाकांतून व भरावाच्या मातीतून येणाऱ्या वर्षायू (एकाच वर्षात उगवून संपणाऱ्या) तणांपासून. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गुरे चारावीत की नाहीत, हा वादही याच्याशी जोडलेला आहे. चराई थांबल्यावर उंच गवत वाढून लहान फुलझाडे दबतात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

काल : जून ते सप्टेंबर या काळात ओढे चढलेले, वाटा निसरड्या व जळवांनी भरलेल्या असतात, त्यामुळे रानातली मुख्य फेरी बहुधा ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होते. मात्र प्रत्येक वनस्पती या वेळापत्रकात बसत नाही. टाकळा पहिल्या पावसात उगवतो आणि हिवाळा लागेपर्यंत वाळतो. रानतुळस पावसानंतर फुलते व पुढे तिचे वाळके सांगाडे उभे राहतात. रानमोडी वर्षअखेरीस फिकट फुलोऱ्यावर येते आणि तेव्हा उतारावर दुरूनही ओळखू येते. घाणेरी जवळजवळ बारमाही फुलते, तर गाजर गवत ओल मिळेल तेव्हा. सड्यावरील पाहणी ऑगस्ट–सप्टेंबरमध्येच करावी लागते, कारण ऑक्टोबरअखेर तिथला बराच झाडोरा वाळून गेलेला असतो. वर्षातून एकाच फेरीवर आधारलेल्या याद्या म्हणूनच अपुऱ्या ठरतात. पावसाच्या उत्तरार्धात एक व हिवाळ्यात एक, अशा किमान दोन फेऱ्या इष्ट आहेत.

पद्धती : दोन पद्धती प्रचारात आहेत. पहिली चौकटींची, म्हणजे ठरावीक मापाचा चौरस आखून त्यातील झाडे मोजण्याची : वृक्षांसाठी १० × १० मी., झुडपांसाठी ५ × ५ मी. व लहान झाडांसाठी १ × १ मी. दुसरी व्याघ्रगणनेतून आलेली. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय गणनेत सुमारे २ किमी. लांबीच्या सरळ रेषेवरून चालताना दर ४०० मी. अंतरावर थांबून १५ मी. त्रिज्येच्या वर्तुळातील वृक्ष, झुडपे व तणांचा प्रादुर्भाव नोंदतात. बीटावरचे (नेमून दिलेल्या वनभागातले) वनरक्षक हे काम करीत असल्याने क्षेत्र मोठे व्यापले जाते. झुडपे व काटेरी जाळ्यांसाठी ही पद्धत पुरेशी आहे, परंतु लहान वर्षायू तणे तिच्यातून निसटतात. आच्छादनाची टक्केवारी डोळ्यांनी अंदाजून लिहिली जाते आणि दोन निरीक्षकांचे अंदाज जुळतातच असे नाही, म्हणून आकड्यापेक्षा टप्पे (विरळ, मध्यम, दाट) वापरणे अधिक विश्वसनीय मानतात. तण न आढळलेल्या जागेचीही नोंद तितक्याच काळजीने करावी लागते. ती नसेल तर पुढच्या पाहणीत दिसलेले झाड नवे आले की आधीच होते, हे सांगता येत नाही.

ओळख पटविण्यात नावांची अडचण मोठी आहे. रानमोडी जुन्या वनस्पतिसूचींत युपेटोरियम ओडोरेटम या नावाखाली मिळते. १९७० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ किंग व रॉबिन्सन यांनी ती क्रोमोलीना या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) हलवली. रानतुळस हिप्टिस सुआव्हिओलेन्स म्हणून परिचित असली, तरी अलीकडे तिला मेसोस्फेरम या प्रजातीत घालतात. ज्याला सरसकट लँटाना कॅमारा म्हटले जाते ती घाणेरी एक जाती नसून बागांत घडलेल्या संकरांचा समूह आहे, असे मत आता बळावले आहे. ती भारतात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पति–उद्यानात आली. वर्ष काही ठिकाणी १८०७, तर काही ठिकाणी १८०९ दिले जाते. टाकळ्याचे मूळ आशियाई की अमेरिकन यावर एकमत नाही. पहिल्या पावसातली त्याची भाजी घरोघरी होते, म्हणून त्याला आक्रमकांच्या यादीत न घालता निराळ्या रकान्यात ठेवणे योग्य वाटते. संशय असेल तेथे फुलासह नमुना दाबून, त्यावर स्थळ, उंची व दिनांक लिहून तो वनस्पतिसंग्रहात ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय. नुसते छायाचित्र बऱ्याचदा पुरत नाही.

गाजर गवताच्या (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) आगमनाविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे. ते अमेरिकेतून पीएल–४८० या अन्नसाहाय्य योजनेच्या गव्हाबरोबर आले, ही समजूत महाराष्ट्रात दृढ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी ते पुण्यात १९५५ मध्ये पाहिले व १९५६ मध्ये भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केले. त्या योजनेखालील भारताचा करार मात्र ऑगस्ट १९५६ चा आहे, म्हणजे झाड करारापूर्वीच उगवलेले होते. अमेरिकन गहू १९५१ च्या अन्नसाहाय्याखालीही आला होता, त्यामुळे धान्याचा मार्ग पूर्णपणे नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता उद्यानसूचीत पार्थेनियमचा उल्लेख असून, डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहात वनाधिकारी ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना असल्याचे १९७८ च्या एका आढाव्यात दाखविले गेले. यावरून काही लेखक ते दीडशे वर्षे आधीपासून येथे रुळले होते असे मानतात. उद्यानातील किंवा एकाकी नमुन्यावरून प्रसार सिद्ध होत नाही. आगमन एकापेक्षा अधिक वेळा झाले आणि जोराने पसरलेला वंश विसाव्या शतकाच्या मध्यातला असावा, हे मत अधिक संभाव्य दिसते. सर्वेक्षकाला या वादातून एक व्यावहारिक धडा मिळतो : पहिल्या नोंदीचा दिनांक व प्रत्यक्ष आगमनाचा दिनांक यांत गल्लत करू नये. या झाडावर सोडलेला मेक्सिकन भुंगेरा (झायगोग्रामा बायकोलोराटा) १९८४ मध्ये बंगळूर येथे आणला गेला. तो पावसात सक्रिय असतो व कोरड्या ऋतूत जमिनीत दडतो. त्यामुळे पाने कुरतडलेली झाडे पावसाळी फेरीतच मोजावी लागतात.

जलपर्णी, वेडी बाभूळ व सुबाभूळ यांचा उपद्रव या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील सखल, कोरड्या भागात जास्त आहे. उंदीरमारी (गिरिपुष्प) वनीकरणात लावलेली आहे आणि ती कडेच्या रानात कितपत उतरते यावर लक्ष ठेवणे आवश्यक आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकी जातींची व्याख्या आली व त्यांच्या नियमनाचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. प्रत्यक्ष निर्मूलनासाठी घाणेरीचे झुडूप खोडापाशी जमिनीखाली तोडून उलटे टाकण्याची पद्धत दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू यांनी रूढ केली. नुसत्या कापणीने ती पुन्हा फुटते. रानमोडी व रानतुळस बी धरण्यापूर्वी काढावी लागते, आणि ती वेळ सर्वेक्षणाच्या कोष्टकावरूनच ठरते. घाणेरी काढलेल्या मोकळ्या जागेत पुढील पावसात दुसरेच तण माजते, असा अनुभव अनेक जंगलांत आला आहे. म्हणून साफ केलेल्या चौकटी यादीतून वगळत नाहीत. तिथे गवत येते की रानमोडी, हे पाहण्यासाठी सलग काही वर्षे त्याच खुणेपाशी त्याच महिन्यात पुन्हा मोजणी करतात.