शैशवकालीन दंतक्षय

सहा वर्षांखालील मुलाचा दुधाचा एखादा जरी दात किडलेला, किडीमुळे गेलेला किंवा भरून घेतलेला असेल, तर त्याला शैशवकालीन दंतक्षय म्हणतात. पूर्वी याला बाटलीची कीड म्हणत. ते नाव मागे पडले, कारण बाटली कधी तोंडाला न लावलेल्या बाळांचेही दात किडतात.

तरी बाटलीवरचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. अशा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहिला, तर पटाशीचे दात हिरडीलगत तपकिरी पडलेले दिसतात. खालचे पुढचे चार मात्र बहुधा शाबूत असतात. चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते, शिवाय लाळेच्या नलिकाही तिथेच उघडतात. वरच्या दातांभोवती दूध साचून राहते. झोपेत लाळ फारच कमी सुटते, गिळणेही मंदावते. म्हणूनच तोंडात बाटली ठेवून झोपण्याची सवय सर्वांत महागात पडते, विशेषतः बाटलीत साखर घातलेले दूध किंवा फळांचा रस असेल तर. रस घरी काढलेला आहे, एवढ्याने दातांचा बचाव होत नाही.

तोंडातले जंतू, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, साखरेचे आम्ल करतात. दातावरच्या थराचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण कवचातली, खनिजे विरघळू लागतात. लाळ ती हळूहळू भरून काढते, पण तिला उसंत मिळायला हवी. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणे, मधात बुडवलेली चोखणी, रोजचे गोड औषध, सगळ्यांचा परिणाम तोच. दुधाच्या दातांचे एनॅमल मुळात पातळ. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांत ते सदोष असण्याची शक्यता अधिक, आणि अशा दातात कीड लवकर आत शिरते.

हे जंतू बाळाला बहुतेक वेळा घरातूनच, लाळेवाटे मिळतात: चव पाहिलेला चमचा, तोंडात घालून 'स्वच्छ' केलेली चोखणी. आईचे किंवा सांभाळणाऱ्याचे दात किडलेले असतील तर धोका वाढतो.

स्तनपानाबद्दल मात्र सरसकट बोलू नये. पहिल्या वर्षात ते कीड वाढवत नाही, उलट संरक्षकच दिसते. वर्षानंतर, दात आलेले असताना, रात्री वारंवार पाजले आणि दात घासले नाहीत तर धोका वाढतो.

एनॅमल बळकट करणाऱ्या फ्लोराइडचा अभाव हाही मोठा घटक आहे. पहिला दात दिसताच, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन मोठ्यांनीच तो घासायचा असतो. प्रत्यक्षात 'पडणारेच दात' म्हणून तिकडे दुर्लक्ष होते, पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात.

पहिली खूण म्हणजे हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ. ती दुधाची साय समजून पुसली जाते आणि पुसली न गेल्यास विसरली जाते. या टप्प्यावर कीड फ्लोराइडने थोपवता येते. खड्डा पडल्यावर दात भरण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते.