पिंपातला गूळ

बेळगावच्या वडगावात आमच्या भाच्याच्या गच्चीवर पीव्हीसी नळ्यांचा एक मांडव आहे. खाली १०० लिटरचं निळं पिंप, त्यात एक छोटा पंप, वर नळ्यांच्या भोकांतून डोकावणारा पालक, लेट्यूस आणि कोथिंबीर. मातीचा कण नाही, नुसत्या खताच्या पाण्यावरची ही शेती, म्हणजे हायड्रोपोनिक्स. गेल्या एप्रिलात त्याचा फोन आला, "मामा, जरा येऊन जा की. मुळं काळी पडल्यात आणि पिंपाला वास मारायलाय."

वास जिन्यातच भेटला. सडक्या अंड्याचा. पिंपात काय घातलंस म्हणून विचारलं, तर आधी "काय नाही" आणि मग हळूच "मुळांचं टॉनिक". येळ्ळूरच्या शेतावरून आणलेलं, फडक्यानं गाळलेलं लिटरभर जिवामृत आणि आणखी जोर यावा म्हणून गुळाचे दोन खडे. "शेतात घालतोय तेव्हा पीक कसं तरारून येतंय. मग हितं काय बिघडलं? आणि खताचं पाणी मोजायचा मीटर तर बरोबर दाखवत होता. आधी १.६, घातल्यावर १.७."

प्रश्न चोख होता. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला असे प्रश्न वर्गात फार कमी मिळतात. खताच्या बिलाच्या पाठीमागं आम्ही हिशेब मांडला.

पाण्यात हवा विरघळते, पण अगदी कंजूषपणे. २५ अंश सेल्सियसला समुद्रकाठी एका लिटरमध्ये जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर. इथं हवेचा दाब कमी, म्हणून हा आकडा साडेसातच्या आसपास येतो. पाणी ३० अंशांवर गेलं की सातच्याही खाली. म्हणजे भाच्याच्या भरलेल्या पिंपात, पंपानं कितीही बुडबुडे सोडले तरी, एका वेळी सगळा मिळून पाऊण ग्रॅम ऑक्सिजन. मुळांना श्वास घ्यायला शिल्लक एवढीच.

आता गूळ. त्यातला बहुतेक भाग साखर. एक ग्रॅम साखर जंतूंनी पूर्ण खाऊन संपवायची तर त्यांना १.१२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. दोन खडे वीस ग्रॅमचे आणि त्यात सोळा ग्रॅम साखर धरा. ऑक्सिजनचं बिल झालं अठरा ग्रॅम. पिंपातल्या शिलकीच्या चोवीस पट! सगळी साखर काही एकदम जळत नाही. निम्मी-अर्धी जंतूंच्या अंगाला लागते, त्यांची प्रजा वाढते, आणि पंपही नवी हवा आणत असतो. पण एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पिंपात जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. पंप त्यांना पुरा पडत नाही. अख्खं पिंप गुदमरवायला पाऊण ग्रॅमहून कमी साखर, म्हणजे चिमूटभर, पुरते.

ऑक्सिजन संपला की पुढची पंगत बसते, आणि हा भाग मला फार आवडतो. काही जंतू आता हवेऐवजी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो आणि हवेत उडून जातो. दुकानातून पैसे मोजून आणलेलं नत्र असं डोळ्यांदेखत पसार होतं, दिसत मात्र नाही. नायट्रेट सरलं की सल्फेटवर जगणाऱ्या जंतूंची पाळी. ते सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात. जिन्यात भेटला तो हाच. हा वायू लोहाला गाठतो आणि काळा आयर्न सल्फाइड तयार होतो. मुळांवरच्या काळ्या लेपात त्याचाही वाटा असतो. गुदमरलेल्या, कोमट पाण्यातल्या मुळांवर मग पिथियमसारखे मूळकुजीचे रोगजंतू सुखानं हात मारतात.

"मग शेतात का नाही असं होत?"

शेतात जमिनीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. लिटरभर हवेत लिटरभर पाण्याच्या तीसेक पट ऑक्सिजन असतो, आणि हवेतून तो पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगानं सरकतो. जंतूंनी खाल्ला तेवढा वरून भरून येतो. जिवामृताची नैसर्गिक शेतीच्या सुभाष पाळेकरांची जी पद्धत सगळीकडे पोचली आहे तिच्यात २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो डाळीचं पीठ असतं. हा सगळा स्वयंपाक जंतूंसाठी आहे. ते खातात, मरतात, कुजतात आणि त्यातून सुटलेलं मुळांना मिळतं. जमिनीला हे परवडतं. पिंपात मुळं आणि जंतू एकाच अरुंद खोलीत एकच हवा वाटून घेतात, आणि भूक जंतूंची मोठी.

भाचा शेतकऱ्याचाच पोर, सहज हार मानणारा नव्हे. "मग भात कसा उभा राहतोय चिखलात? आमचा बासमती?" भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. वरची हवा तो स्वतःच खाली नेतो, जणू नाकाला नळी लावून पोहणारा माणूस. पालकाकडे आणि लेट्यूसकडे ती सोय नाही.

मीटरनं मात्र त्याला चांगलंच फसवलं होतं. ईसी मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो, आणि वीज वाहून नेतात ते विद्युतभारित कण, म्हणजे आयन. साखरेच्या रेणूला भार नसतो. पिंपात किलोभर गूळ ओतला तरी साखर म्हणून मीटरला तो दिसणार नाही. जे १.६ चं १.७ झालं ते जिवामृतातल्या क्षारांमुळं. युरियाचीही तीच गत. गावोगावी मिळणाऱ्या १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश यांचे टक्के) या विद्राव्य खतात अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. तेही मीटरला दिसत नाही, आणि जंतूंनी त्याचा अमोनिया करेपर्यंत मुळांच्या फारसं कामाचं नाही. शेतात ते उत्तम. पिंपासाठी मी ते घेणार नाही.

मूळ आयन पितं, ही गोष्ट उमगायला माणसाला बराच काळ लागला. १६९९ मध्ये इंग्लंडात जॉन वुडवर्डनं पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला. पावसाच्या पाण्यात तो खुरटला, बागेतली माती कालवलेल्या पाण्यात जोमानं वाढला. त्याचा निष्कर्ष असा की झाड मातीच्याच द्रव्यापासून बनतं. निम्मा बरोबर. माती नको, तिच्यातले विरघळलेले क्षार हवेत, हे १८६० च्या दशकात जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवून दाखवलं. आपल्याकडे १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला खडी-वाळूत क्षारपाणी घालून भाज्या काढल्या. तिथंही झाडांना लागत होते ते क्षारच.

म्हणून घरगुती मिश्रणाबद्दल मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, यात कार्बनचं खाद्य किती? मोबाइलवर फार फिरणारी एक कृती घेऊ, अंड्याची टरफलं आणि व्हिनेगर. रसायन म्हणून ती खरी आहे. टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरातलं आम्ल त्याचं कॅल्शियम अॅसिटेट करतं, फसफसून कार्बन डायऑक्साइड जातो आणि कॅल्शियम पाण्यात येतं. आता प्रमाण बघा. १०० लिटरला लिटरमागं ५० मिलिग्रॅम कॅल्शियम द्यायचं तर पाच ग्रॅम कॅल्शियम हवं. त्याला दोन-तीन अंड्यांची टरफलं आणि पाच टक्क्यांचं ३०० मिलिलिटर व्हिनेगर लागतं. त्यातल्या १५ ग्रॅम आम्लाचा अॅसिटेट जंतूंना गुळाइतकाच गोड! तो पचवायला १६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे शिलकीच्या एकवीस पट. वर अॅसिटेट खाल्ला गेला की पाण्याचा पीएचही चढतो. तेच पाच ग्रॅम कॅल्शियम २७ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटमध्ये मिळतं, आणि सोबतचं नायट्रेट मुळं आवडीनं घेतात. टरफलं कुटून कढीपत्त्याच्या बुंध्यात घाला, तिथं ती छान.

घरी मिसळण्यासारखं काय, तर क्षार. एक उदाहरण पुरे. दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट १०० लिटरला ५० ग्रॅम घातलं की लिटरमागं ४९ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ६५ मिलिग्रॅम गंधक मिळतं. प्रयोगशाळांत अजून वापरल्या जाणाऱ्या होगलंडच्या द्रावणात हेच आकडे ४८ आणि ६४ आहेत. दहा रुपयांच्या तराजूवर मात्र भिस्त ठेवू नका. बोरॉन, तांबं, जस्त हे लिटरमागं एका मिलिग्रॅमच्या आतले पाहुणे. ते घरी वजन करून घालण्यात अर्थ नाही, तयार सूक्ष्म अन्नद्रव्यांचं पाकीट आणावं. पिशवीवरच्या आकड्यांतही एक गंमत आहे. १३:००:४५ मधले ४५ हे पोटॅशियमचे नव्हेत, पोटॅशियम ऑक्साइडचे. त्यांना ०.८३ नं गुणायचं. स्फुरदाच्या आकड्याला ०.४४ नं.

आणि क्रम. अथणीकडचे द्राक्षबागायतदार हे पुस्तक न वाचता जाणतात, कारण त्यांच्या ठिबकच्या नळ्या कधी ना कधी तुंबलेल्या असतात. कॅल्शियम नायट्रेटचं दाट द्रावण आणि ०:५२:३४ या फॉस्फेट खताचं किंवा मॅग्नेशियम सल्फेटचं दाट द्रावण एकत्र ओतलं की दूध नासल्यासारखा पांढरा साका बसतो. कॅल्शियम फॉस्फेट किंवा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. साका झालेलं अन्न मुळांना मिळत नाही. म्हणून दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत कॅल्शियम, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. पाण्यानं भरलेल्या पिंपात एक ओतून ढवळायची, मग दुसरी. पातळ पाण्यात ते भांडत नाहीत. जिप्समसुद्धा लिटरमागं दोन ग्रॅमच्या वर विरघळतो आणि पिंपात त्याच्या पाव भागाइतकंही जमत नाही.

एकच कृती आपल्या सगळ्या टापूत चालेल असंही समजू नये. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीकडे, खानापूरच्या जांभ्या मातीत, पाऊस एवढा की पाणी मऊ. तिथं पिंपात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं आपण घालायचं. अथणी-रायबागच्या काळ्या रानात बोअरचं पाणी जड, बायकार्बोनेटनं भरलेलं. पीएच ५.५ ते ६.५ मध्ये आणावा आणि सकाळी बघावं तर पुन्हा वर. तिथं आधी फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं घालून बायकार्बोनेट मारावं लागतं. (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि चष्मा लावून.) लोहाचंही तसंच. साधं ईडीटीए लोह, म्हणजे ईडीटीए या रसायनानं पाण्यात धरून ठेवलेलं लोह, पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, पानं पिवळी पडतात. जड पाण्याच्या गावात जास्त घट्ट धरणारं डीटीपीए लोह घ्यावं.

तुसाची राख हा आपल्याकडचा दुसरा मोह. भाताच्या तुसाच्या राखेत ८५ टक्क्यांच्या वर सिलिका असते, आणि भात, काकडी यांना सिलिका लाभते हे खरं. पण भट्टीत कडक जळालेल्या राखेतली सिलिका स्फटिक होते, पाण्यात उतरतच नाही. उतरतो तो तिच्यातला अल्कली, आणि पीएच भडकतो. लाकडाच्या राखेचंही तेच. टोमॅटोला तर सिलिका घ्यायची फारशी हौसही नाही.

निपाणीकडून आलेल्या एका ओळखीच्यानं तंबाखूच्या काढ्याचा सल्ला दिला होता, किडीसाठी आणि "मुळांनाही बरं" म्हणून. निकोटिन कीड मारतं हे खरं, ते माणसालाही विषारी आहे आणि लेट्यूस, कोथिंबीर आपण कच्चीच खातो. शिवाय तंबाखूच्या वाळक्या पानात मोझॅक विषाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतो. १८९२ साली इव्हानोव्स्कीनं बारीक गाळणीतूनही पार जाणारा म्हणून ज्याची ओळख करून दिली, तोच हा. टोमॅटो, ढोबळी मिरची यांना तो हातांनी लागतो. विडीचं काम करून आलेल्या हातांनी रोपाला शिवू नये, साबणानं धुऊन मग. नळ्यांत फिरणाऱ्या पाण्यात तर तो एका रोपापासून साऱ्या रांगेपर्यंत पोचायला किती वेळ!

भाच्याला एवढं ऐकूनही गुळाचा हिशेब पटला नव्हता. कागदावर काहीही लिहिता येतं, म्हणाला. मग शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून मिथिलिन ब्लूची छोटी बाटली आणली. दूध किती ताजं हे बघायला दूधशाळांत हेच निळं वापरतात. ऑक्सिजन असला की निळं, संपला की रंगहीन. धुऊन ताजं भरलेल्या पिंपातलं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरलं, प्रत्येकीत पाणी फिकट निळं होईल एवढेच थेंब टाकले. एकीत गुळाची चिमूट. बुचं घट्ट लावून दोन्ही कपाटात, अंधारात.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. गुळाची बाटली पांढरी पडली होती, फक्त बुचाखाली निळसर कडी. दुसरी तशीच निळी. त्यानं बूच काढून थोडं पाणी ओतून टाकलं, पुन्हा लावलं आणि बाटली हलवली, तर निळं परत आलं. "मामा, आणि तासाभरात परत गेलं की ते!"