ब्रेक उन्हानं नाही, पाण्यानं जाम होतात

मे महिना लागला की नागपूरकरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो: पारा ४५ च्या वर गेला की गाडीतलं ब्रेक ऑइल उकळतं, म्हणून दुपारी गाडी काढू नका. सल्ला चांगला आहे, कारण साफ चुकीचं आहे. शहरातला आजवरचा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण घटकाभर ते ५६ खरे धरू. ब्रेक ऑइलच्या प्रती असतात. त्यांतलं नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ तर २३० पर्यंत. विदर्भाचा सूर्य कितीही तापट असला तरी तिथवर त्याची मजल नाही.

तरीही जुन्या गाडीचं एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं, गाडी एका अंगाला ओढते, ॲव्हरेज पडतं, सिग्नलला थांबलं की जळका वास येतो. गॅरेजमध्ये निदान तयारच असतं: "भाऊ, पिस्टन बसला. पूर्ण कॅलिपरच टाका लागते." कधी ते खरं असतं, कधी अर्धवट खरं. फरक कळायचा तर कॅलिपरच्या आत डोकवावं लागेल.

चाकाबरोबर फिरणारी डिस्क, तिच्या दोन्ही बाजूंना पॅड, आणि पॅड दाबणारं ते कॅलिपर. साध्या गाड्यांत त्यात एकच पिस्टन असतो. तो आतलं पॅड दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेनं अख्खं कॅलिपर दोन पिनांवर उलट सरकतं आणि बाहेरचं पॅडही दाबलं जातं. जोर येतो पास्कलच्या नियमातून. पायानं २० किलोचा भार दिला, पेडलच्या तरफेनं त्याचे ८० झाले. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोरानं तेल कॅलिपरकडे दाबणारी नळी, २० मिमी व्यासाचा आणि कॅलिपरचा पिस्टन ५० मिमीचा असेल तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात ते सव्वासहापट होतात. म्हणजे ५०० किलो, तेही बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राची, मदत न धरता.

हे शाळेत शिकलेलं असतं. मला भुरळ पडते ती पुढच्या प्रश्नाची: पाय उचलल्यावर पिस्टन मागे कोण आणतं? ड्रम ब्रेकमध्ये त्यासाठी स्प्रिंग असते. इथे स्प्रिंग नाही. आहे ते फक्त एक रबरी सील, कॅलिपरच्या खाचेत बसवलेलं चौकोनी काटछेदाचं कडं. तेल बाहेर जाऊ न देणं हे त्याचं दिसणारं काम. खरी करामत वेगळीच आहे.

मनगटाच्या वरच्या कातडीवर एक बोट जरा दाबून ठेवा आणि किंचित पुढे सरकवा. कातडी बोटाबरोबर ताणली जाते. जोर काढला की बोटाला मागे आणते. आता बोट जास्त पुढे न्या. एका क्षणी ते कातडीवरून घसरेल. तिथे थांबून जोर काढा. कातडी पुन्हा बोटाला तेवढंच मागे खेचेल, पण या नव्या जागेवरून. बोट म्हणजे पिस्टन आणि कातडी म्हणजे सील.

ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो, सीलची आतली कड त्याला चिकटून तिरकी होते. खाचेची पॅडकडची कडा मुद्दाम थोडी उतरती कापलेली असते, सीलला झुकायला जागा हवी म्हणून. दाब गेला की सील सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांइतकं मागे आणतं. डिस्क मोकळी फिरायला एवढं पुरतं. पॅड झिजल्यावर पिस्टनला सीलच्या ताणापेक्षा जास्त पुढे जावं लागतं. तेव्हा तो सीलमधून घसरतो आणि त्या नव्या जागेवरून पुन्हा तेवढाच मागे येतो. म्हणजे झीज आपोआप भरून निघते. ना स्क्रू, ना सेन्सर, काही रुपयांचं रबर. गाडीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा मला याचं कौतुक जास्त.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं हे सील कडक होतं आणि पिस्टनला मागे आणायचं विसरतं. पॅड डिस्कला घासत राहतं, त्यानं आणखी तापतं, सील आणखी कडक. पण पहिला घाव बहुधा पाण्याचा असतो. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि हवेतलं बाष्प शोषतं. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. रामटेकच्या गडावरून उतरताना ब्रेक धरूनच ठेवला, तर हा आकडा फार दूर नाही. शिवाय तेच पाणी आतून गंज चढवतं. बाहेरून येतो तो चिखल. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या, तेव्हा पिस्टनवरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-चिखल अडवणारं आवरण, फाटलेला असलेल्या गाड्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

इथे गंमत बघा. पॅड झिजलं की पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि फाटक्या बुटामागचा त्याचा भाग गंजतो. तोवर काहीच बिघडत नाही, कारण गंज सीलच्या बाहेर आहे. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलतात आणि गंजलेला पट्टा थेट सीलखाली जातो. मग आठवड्याभरात ब्रेक गळायला किंवा अडकायला लागतो आणि मालक म्हणतो, मेकॅनिकनं बिघडवलं, नाहीतर नजर लागली. बंपरला लिंबू-मिरची लटकते. लिंबातलं आम्ल गंज काढतं हे खरं, पण त्यासाठी लिंबू गंजावर चोळावं लागतं. तीच गत कॅलिपरवर चिकटवायच्या लाल प्लास्टिक कव्हरांची. रेसिंग कारचा थाट येतो आणि कॅलिपरला लागणारी हवा अडते.

कॅलिपर खोलण्याआधी एक तपासणी करावी. अडकलेल्या चाकाचा ब्लीडर स्क्रू, म्हणजे कॅलिपरमधलं तेल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू, सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब मागे अडकून पडलाय. कॅलिपरला तेल पोचवणारा रबरी होज आतून सुजलेला असण्याचा संशय घ्या, कॅलिपर कदाचित ठणठणीत असेल. तरीही चाक जामच राहिलं तर पिस्टन किंवा पिना. पिना कोरड्या पडल्या असतील तर एक पॅड दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त झिजलेलं दिसतं. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेकदा काम भागतं.

दुरुस्ती की नवं, हे ठरवताना पिस्टन बघायचा, बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती पोकळी) नंतर. सील खाचेत स्थिर असतं आणि पिस्टनचा पृष्ठभाग त्यावर घासतो. त्यामुळे बोअरवरचा हलका गंज गळती करत नाही. पिस्टनच्या क्रोमवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर पिस्टन बाद, मग सील कितीही नवं टाका. खाचेचा तळ खाल्ला गेला असेल तर मात्र अख्खं कॅलिपर बदला. मास्टर सिलिंडरचा न्याय याच्या उलट, तिथे सील पिस्टनबरोबर फिरतं आणि बोअर गुळगुळीत लागतं. सगळी गफलत होते ती इथेच. पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा मारतात, तेव्हा समोर लाकडाचा ठोकळा हवा, बोटं नव्हेत. आणि आपल्याकडे सगळं पेट्रोल-रॉकेलमध्ये धुतात तसं सील धुवू नका. हे रबर खनिज तेलात फुगतं आणि नवं सीलचं किट पहिल्याच दिवशी वाया जातं. पुसायला ताजं ब्रेक ऑइलच वापरा. किट एका बाजूला टाकलं तर दुसऱ्या बाजूलाही टाका, नाहीतर गाडी ओढतच राहील.

बसवून झालं, तेलात अडकलेली हवा काढली, तरी लगेच गिअर टाकू नका. पिस्टन पूर्ण आत असतो, पहिल्या दाबाला पेडल खाली टेकतं. ते कडक होईपर्यंत उभ्या गाडीतच मारत राहा.