इशारा दिलाच नव्हता?

मोठा सायबर हल्ला झाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: 'राजकारण्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.' अमेरिकेपुरतं तरी हे साफ खोटं. १९ मे १९९८ रोजी 'लॉफ्ट' गटाचे सात हॅकर सिनेटच्या समितीपुढे बसले. समोरच्या पाट्यांवर खरी नावं नाहीत, टोपणनावं! इंटरनेट अर्ध्या तासात ठप्प करता येईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पुढे २०१२ मध्ये पायाभूत यंत्रणांच्या सुरक्षेचं विधेयक आलं. त्यातली कंपन्यांवरची सक्ती आधीच काढून सगळं ऐच्छिक केलं होतं. तरी ऑगस्टमध्ये ते सिनेटमध्येच अडलं. चर्चा आटोपायला ६० मतं हवी होती, पडली ५२. २०२१ मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची मोठी पाइपलाइन बंद पडली. हल्लेखोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कला जोडून घ्यायची सोय) खात्यातून, नुसत्या पासवर्डवर.